अनुभव धागा: दुचाकी शिकवताना काय राहून जाते?

शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि अनेकांची ती चाचणी पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढण्यावर आटोपते. मधल्या काळात तुम्हाला काय शिकवले गेले आणि मुंबईच्या रस्त्यावर काय कमी पडले, हे येथे लिहावे.

मुलुंड, बँक कर्मचारी
भावाने सोसायटीच्या आवारात दिलेला पहिला धडा होता, "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर पडशील." घरोघर हेच सांगतात. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. पुढे एका प्रशिक्षकांनी मैदानात चुन्याची रेघ आखून, हँडल सरळ ठेवून, लिव्हर एकदम न आवळता दाब वाढवत नेण्याचा सराव करून घेतला. पुढचे शॉकअप खाली बसल्यावर टायर रस्ता कसा धरतो, ते तेव्हा हातांना कळले.

अंधेरी, दुचाकी प्रशिक्षक
मुलुंडच्या ताईंशी सहमत आहे. आठच्या आकड्याला मी नावे ठेवणार नाही. अर्धा क्लच, एक्सलरेटर आणि वळायचे तिकडे नजर या तिन्हींचा मेळ त्यातच बसतो. मात्र तो संथ वेगाचा कस आहे. चाळीसच्या वेगावरून अचानक थांबणे त्यात कोठेच येत नाही आणि विद्यार्थी तर चाचणीच्या तोंडावर "फक्त आठ शिकवा" म्हणत येतात. ब्रेकला एबीएस ही यंत्रणा असली तरी ती जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू देत नाही इतकेच. पुढच्या वाहनापासूनचे अंतर आपणच राखायचे असते.

घाटकोपर, पार्सल पोहोचवण्याचे काम
पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा चिकटा होतो. पेव्हर ब्लॉक, गटारांची झाकणे, खोदकामावर टाकलेले लोखंडी पत्रे आणि झेब्रा पट्टे यांच्यावर चाक येण्यापूर्वीच वेग उतरवावा, हे मला कोणत्याही वर्गाने नव्हे, सोबतच्या मुलांनी शिकवले.

परळ, निवृत्त बसचालक
माझ्या आरशात तुम्हाला माझा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही मला दिसत नाही. थांब्याकडे वळणाऱ्या बसच्या डावीकडून नवी मुले सर्रास घुसतात. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराला उभ्या बसच्या चालकाच्या जागी एकदा बसवावे आणि डाव्या बाजूला दुचाकी लावून ती दिसते का, हे त्यालाच विचारावे.