घोडदळाचे जनरल की डोळ्यांचे डॉक्टर? बव्हेरियाच्या कार्ल थिओडोर यांना कशासाठी लक्षात ठेवायचं?

पिंपळपान (धागाकर्ता)

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सिसी, आपल्याकडे अनेकांना माहीत असते. तिचा धाकटा भाऊ ड्यूक कार्ल थिओडोर (1839–1909) मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याच्याविषयी मला ठामपणे काही म्हणायचं आहे, म्हणून हा धागा.

जन्म स्टार्नबर्ग सरोवराकाठच्या पॉसेनहोफेनचा. घराणं विटल्सबाख, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया या तेव्हाच्या स्वतंत्र राज्याचं राजघराणं, त्यामुळे सैन्यात जाणं ठरलेलंच. 1866 च्या युद्धात बव्हेरिया ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी, म्हणजे उत्तरेकडच्या बलाढ्य जर्मन राज्याशी, लढला, त्यात ते होते. चारच वर्षांनी बव्हेरिया प्रशियाच्या बरोबरीने फ्रान्सवर चालून गेला, त्यातही होते. पुढे ते घोडदळाचे जनरल झाले आणि बव्हेरियाच्या तिसऱ्या शेव्होलेजे रेजिमेंटला, म्हणजे हलक्या घोडदळाच्या पलटणीला, त्यांचं नाव मिळालं.

पण फ्रान्सहून परतल्यावर या माणसाने म्युनिक विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास धरला. तेव्हा तिशी उलटली होती. 1880 मध्ये शिक्षण पुरं केलं, नेत्रविकार हा विषय निवडला, बव्हेरियातल्याच टेगर्नसे इथल्या आपल्या वाड्यात रुग्ण तपासायला सुरुवात केली आणि 1895 मध्ये म्युनिकच्या निम्फेनबुर्गर श्ट्रासवर नेत्र रुग्णालय उभारलं. आयुष्यभरात मोतीबिंदूच्या 5000 हून अधिक शस्त्रक्रिया केल्या. गरिबांकडून पैसे घेतले नाहीत.

माझं मत: जनरलपद त्यांना जन्माने मिळालं, डॉक्टरकी त्यांनी कमावली. त्यांच्या चरित्रात ‘घोडदळ अधिकारी’ ही ओळ पहिली येते, ती तळाशी गेली पाहिजे.

जुना_नकाशा

असहमत. तुम्ही लष्करी भाग दोन वाक्यांत उरकलात आणि मग तो बिनमहत्त्वाचा ठरवलात.

1866 बव्हेरियासाठी काय होतं ते बघा. सैन्याची तयारी अपुरी, ऑस्ट्रियाशी ताळमेळ नाही. 4 जुलैला ह्युनफेल्डजवळ राखीव घोडदळावर प्रशियन तोफांचा मारा झाला, माघार सुरू झाली आणि रात्री त्या घोडदळात अशी घबराट पसरली की तुकड्याच्या तुकड्या उधळल्या. सहा दिवसांनी किसिंगेनला पराभव. शेवटी प्रशियाला 3 कोटी गुल्डनची (तेव्हाचं तिथलं चलन) भरपाई. त्यानंतर बव्हेरियाने सैन्याची पार फेररचना केली, आणि 1870 मध्ये हेच सैन्य फ्रान्समध्ये सेदानजवळच्या बाझेय गावात घराघरांतून लढलं. ज्या अधिकाऱ्यांनी ही दोन्ही युद्धं पाहिली, त्यांनी एका राज्याचं स्वतंत्र अस्तित्व डोळ्यांदेखत आक्रसताना पाहिलं. कालच्या शत्रूच्या सेनापतींखाली लढणं ही गणवेशापुरती गोष्ट नाही.

आणि मुळात हा माणूस 33-34 व्या वर्षी विद्यापीठाच्या बाकावर का बसला? दोन युद्धांतली जखमी माणसं पाहिल्याशिवाय तो बसला असता, असं मला वाटत नाही. म्हणून घोडदळाची ओळ वरच राहू द्या. तिच्याशिवाय पुढची उगवतच नाही.

पिंपळपान

जुना_नकाशा, युद्धाचा परिणाम झाला असणार, हे तर्काला धरून आहे. पण युद्धाबरोबर घरातलंही बघा. मोठा भाऊ लुडविग याने हेन्रिएट मेंडेल या अभिनेत्रीशी लग्न करण्यासाठी 1859 मध्ये वारसाहक्क सोडला, म्हणून धाकट्याच्या गळ्यात वारसा पडला. 1865 मध्ये सॅक्सनीच्या सोफीशी लग्न झालं आणि 1867 मध्ये ती वारली. वय अवघं 21, मागे तान्ही मुलगी. एका वर्षात हरलेलं युद्ध, पुढच्या वर्षी बायकोचं मरण. यातलं नेमकं काय त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेलं, ते एकाच खात्यावर मांडता येणार नाही.

शिवाय दोन्ही युद्धांत शेकडो सरदारपुत्र अधिकारी होते. जखमी सगळ्यांनीच पाहिले. विच्छेदनाच्या टेबलाशी किती जण उभे राहिले?

सुरंगी

मला या चर्चेत एक गोष्ट टोचते. ‘कमावली’ हा शब्द इतक्या सहज वापरू नका.

त्याच काळातला कार्ल कोलर घ्या. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयातला तरुण ज्यू डॉक्टर. 1884 मध्ये त्याने दाखवलं, की कोकेनच्या द्रावणाचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत ते सिद्ध झालं आणि बघता बघता युरोपभर शस्त्रक्रियेची पद्धत बदलली. त्याला काय मिळालं? पुढच्याच जानेवारीत एका सहकाऱ्याने जातीवरून अपमान केला, त्यातून तलवारीचं द्वंद्व झालं, नेत्र विभागातली सहायकाची जागा त्याला मिळाली नाही आणि अखेर 1888 मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठलं.

इकडे ड्यूकसाहेबांना दवाखान्यासाठी जागा शोधावी लागली नाही, वाडा होता. रुग्णांकडून पैसे न घेणं परवडत होतं. तिशीनंतर शिकायला बसले तरी घरात चूल कशी पेटेल हा प्रश्न नव्हता. मोठं मन होतं, मान्य. पण ज्याला जागा आयती मिळाली त्याचा पुतळा आणि ज्याच्या थेंबांवर सगळ्यांचे हात स्थिर झाले तो परागंदा, या इतिहासाचं कौतुक मला जमत नाही.

आणखी एक. ते एकटेही नव्हते. त्याच घराण्यातले प्रिन्स लुडविग फर्डिनांड हेही घोडदळाचे जनरल आणि डॉक्टर होते. राजघराण्याला अशी वाट मोकळी होती, इतकंच.

शलाका

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे, म्हणून शस्त्रक्रियेपुरतं बोलते. सुरंगी यांचा कोलरबद्दलचा मुद्दा मला मनापासून पटतो. तरी 5000 या आकड्यामागे काय होतं ते सांगायला हवं.

त्या काळी जर्मन नेत्रतज्ज्ञ ग्रेफे यांच्या अरुंद, लांब सुरीने बुबुळाच्या कडेला छेद घेऊन पिकलेलं भिंग बाहेर काढत. आजच्यासारखे बारीक टाके नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही. रुग्ण शिंकला किंवा दचकला तर डोळ्यातला द्रव बाहेर येऊन डोळा कायमचा जाई. जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकं नव्हती. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही डोळे बांधून माणसाला कित्येक दिवस अंधारात उताणं पडून राहावं लागे. कृत्रिम भिंग 1949 पर्यंत कुणी बसवलंच नव्हतं, त्यामुळे पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा.

हे काम पदवी टांगून हौसेने करता येत नाही. हात वर्षानुवर्षं रोज चालावा लागतो. डोळा पाहणाऱ्याचं कूळ ओळखत नाही. छेद चुकला तर ड्यूकच्या हातूनही माणूस आंधळा होतो. त्यांनी मूत्रपिंडाच्या विकारात डोळ्याच्या आत होणाऱ्या बदलांवर निबंध लिहिला आहे. दानधर्म करणारा धनिक रुग्णालयाला पैसे देतो आणि निघून जातो. हे गृहस्थ सुरी हातात घेऊन उभे राहिले. वाडा वारशाने मिळतो हो, हा हात नाही मिळत.

माजघर

आपण सगळे एका व्यक्तीला विसरतोय. त्यांची दुसरी पत्नी मारिया जोसेफा. पोर्तुगालच्या पदच्युत राजाची, मिगेल यांची मुलगी. 1874 मध्ये लग्न झालं आणि दवाखान्यात ती पतीच्या बरोबरीने परिचारिकेचं काम करत असे. 5000 शस्त्रक्रियांच्या आकड्यात तिचे हात कुठे मोजले आहेत?

पिंपळपान, तुम्ही म्हणता पदवी कमावली. तिला कमावता आली असती का? बव्हेरियाच्या विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो 1903 मध्ये. त्याच राजघराण्यातल्या प्रिन्सेस थेरेसे यांनी ब्राझीलपर्यंत प्रवास करून वनस्पती आणि प्राण्यांचे नमुने गोळा केले, तरी म्युनिक विद्यापीठाने 1897 मध्ये दिली ती मानद डॉक्टरेट. वर्गात बसून पदवी घ्यायची सोय राजकन्येलाही नव्हती. म्हणून ‘जन्माने मिळालं’ आणि ‘कमावलं’ अशी सरळ रेघ ओढू नका. पुरुष असणं हेही जन्मानेच मिळतं.

मला विचाराल तर चरित्राची पहिली ओळ घोडदळाचीही नको आणि डॉक्टरकीचीही नको. टेगर्नसेच्या दवाखान्यात दोघं काम करत, ती ओळ पहिली हवी.

जुना_नकाशा

माजघर, तुमच्या मुद्द्यात आणखी भर घालतो. या दोघांची मुलगी एलिझाबेथ हे वातावरण पाहत मोठी झाली. ती बेल्जियमची राणी झाली ती वडिलांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर 1909 मध्ये. पहिल्या महायुद्धात बेल्जियमचा बहुतेक भाग जर्मनांनी व्यापला तेव्हा ती नवऱ्याबरोबर उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात राहिली आणि दे पाने इथल्या युद्ध रुग्णालयात जखमींसाठी राबली. समोरच्या जर्मन सैन्यात बव्हेरियाच्या पलटणी होत्या. त्यांचा एक मोठा सेनापती रुप्रेख्त हा तिच्या दिवंगत बहिणीचा नवरा. म्हणजे एकाच बापाचा जावई सैन्य चालवतोय आणि मुलगी जखमींची सेवा करतेय.

म्हणून पुन्हा म्हणतो, सैनिक आणि डॉक्टर हे त्या घरात दोन वेगळे कप्पे नव्हतेच. पिंपळपान यांना त्यातला एक कप्पा फेकून द्यायचाय.

पिंपळपान

फेकून द्यायचा नाही, त्याची जागा बदलायची आहे. जुना_नकाशा, तुम्ही ह्युनफेल्ड, किसिंगेन, बाझेय सगळं सांगितलंत. त्यातल्या एकाही लढाईचा निकाल कार्ल थिओडोर यांच्यामुळे बदलला असं तुम्हीही म्हटलेलं नाही. ते नसते तर त्यांच्या जागी दुसरा ड्यूक घोड्यावर बसला असता. टेगर्नसेला मात्र शेतकरी, लाकूडतोडे डोळे बांधून पडले होते ते ज्या माणसाच्या भरवशावर, त्याच्या जागी येणारा दुसरा ड्यूक रांगेत उभा नव्हता.

सुरंगी, तुम्ही लुडविग फर्डिनांड यांचं नाव घेतलंत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात दोन नावं निघतात, यावरूनच ती वाट किती कमी लोकांनी धरली ते कळतं. मारिया जोसेफाची ओळ वर हवी, याला माझा पूर्ण पाठिंबा.

सुरंगी

शलाका, तुमचा प्रतिसाद वाचून ड्यूकच्या कौशल्याबद्दलचा माझा आदर वाढला. कोलरबद्दलचं म्हणणं मात्र तसंच आहे.

पिंपळपान, वाट कमी लोकांनी धरली म्हणून ती सर्वांना खुली होती असं होत नाही. म्युनिकचं ते रुग्णालय आजही चालू आहे आणि त्यावर ड्यूकचंच नाव आहे. चांगलं आहे, राहू दे. पण नेत्रविज्ञानाचा त्या दशकांचा इतिहास मराठीत कुणी लिहायला घेतला, तर त्यात कोलरचं प्रकरण ड्यूकच्या आधी यावं, आणि ते व्हिएन्नात न संपता न्यूयॉर्कपर्यंत जावं. यावर तुमचं काय म्हणणं आहे?