टेक्सासमधलं 'मरायला टेकल्यावरच' डायलिसिस: काटकसर की मूर्खपणा?

बायूकाठचा (धागाकर्ता)
अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांमध्ये किडनी निकामी होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त आहे. मुख्य कारण मधुमेह. पण मला बोलायचंय ते त्यातल्या, देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्यांबद्दल.

१९७२ च्या कायद्याने किडनी निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाला, वय काहीही असो, मेडिकेअर (केंद्र सरकारचा आरोग्यविमा) मिळालं. विनाकागद माणूस मात्र त्यात बसत नाही. त्याला आधार उरतो तो १९८६ च्या कायद्याचा: जीव धोक्यात असेल तर इस्पितळाने परत पाठवायचं नाही. म्हणून टेक्साससारख्या राज्यात हा माणूस धाप लागली की इमर्जन्सीत येतो. रक्त काढतात, ईसीजी होतो. रक्तातलं पोटॅशियम जिवाला धोका होण्याइतकं चढलेलं नसेल, फुप्फुसात पुरेसं पाणी साठलेलं नसेल, तर 'घरी जा, त्रास वाढला की या'. इतरांना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चारेक तास डायलिसिस मिळतं. याला कधीकधी आठवड्यातून एकदा.

दयामाया बाजूला ठेवू, नुसता हिशेब बघू. २०१५ मध्ये डॅलसमधल्या अशा काही रुग्णांना खाजगी विमा मिळाला आणि त्यांचं नियमित डायलिसिस सुरू झालं. बाकीचे इमर्जन्सीवरच राहिले. वर्षभरात पहिल्या गटातले ३ टक्के गेले, दुसऱ्यातले १७ टक्के. आणि पहिल्या गटाचा खर्च माणशी दरमहा ५,७०० डॉलरहून अधिक कमी! कोलोरॅडोने २०१९ मध्ये नियम बदलून किडनी निकामी होणं हीच 'इमर्जन्सी' धरली. टेक्सास का अडून बसलंय?

ईबी२_रांगेत
असहमत. माझ्या पगारातून मेडिकेअरचा कर दर महिन्याला जातो. मी नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली तर ६० दिवसांत गाशा गुंडाळायचा. आईला ग्रीनकार्ड मिळालं तरी मेडिकेअर विकत घ्यायलासुद्धा पाच वर्षं थांबावं लागतं. नियम पाळणाऱ्याने थांबायचं आणि न पाळणाऱ्याला आठवड्यातून तीनदा? उद्या डायलिसिससाठी म्हणून लोक सीमा ओलांडतील, त्याचं काय? आणि तो विमा काय आकाशातून पडला का? इस्पितळाचा खर्च वाचला आणि विमा कंपनीवर पडला, असं तर नाही ना?

बायूकाठचा
नुसता या खिशातून त्या खिशात गेला असता, तर इमर्जन्सीच्या फेऱ्या आणि भरती राहण्याचे दिवस कशाला घटले असते? ते दोन्ही घटले. आयसीयूतली खाट ही डायलिसिस केंद्रातल्या खुर्चीपेक्षा महागच असते हो. आणि कर या विनाकागद लोकांच्याही पगारातून कापला जातो. शिवाय हा माणूस मेला तर त्याची किडनी दुसऱ्याला चालते. जिवंतपणी त्याला कुणाची हवी असेल, तर विमा नाही म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागणं कठीण.

निशिगंधा_शिकागो
माझी हरकत वेगळीच आहे. हिस्पॅनिक म्हटलं की धागा थेट सीमेवर कसा जातो? पाचातले चार जण अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांचा प्रश्न कागदांचा नाही. मधुमेह आहे, पण लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडू लागल्याची खूण असलेलं प्रथिन) कुणी तपासलेलं नाही. किडनीच्या डॉक्टरची पहिली भेट होते ती फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया) करायलाही वेळ उरलेला नसताना, आणि मग मानेत कॅथेटर (नळी) घालून सुरुवात. गंमत म्हणजे डायलिसिसवर हिस्पॅनिक रुग्ण गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात. कारणं सांगताना भलेभले चाचपडतात.

इथे नॉर्थवेस्टर्न इस्पितळात २००६ पासून हिस्पॅनिकांसाठी प्रत्यारोपणाचा वेगळा कार्यक्रम आहे. डॉक्टर, नर्स, समुपदेशक सगळे स्पॅनिश बोलणारे, आणि माहिती द्यायला रुग्णासोबत अख्खं कुटुंब बोलावतात. जिवंत दात्यांकडून होणारी प्रत्यारोपणं त्यानंतर ठळक वाढली. 'किडनी दिली तर मला पुढे मूल होईल का' हे दुभाष्यामार्फत कोण विचारणार? धागाकर्त्याने यावर एक ओळ तरी लिहायची.

तात्या_परभणी
कोकच्या बाटल्या कमी करा म्हणावं. सगळे आजार तिथूनच.

केजचा_पाटील
तात्या, इनो घ्या. निकाराग्वातलं चिचिगाल्पा बघा. तिथे आणि एल साल्वादोरात उसाच्या फडात राबणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांच्या किडन्या जातात. मधुमेह नाही, आधीचा बीपी नाही. रणरणत्या उन्हात कोयता चालवायचा, पाणी कमी, मजुरी टनावर, त्यामुळे सावलीत बसलं की पैसे बुडाले. कुणी कीटकनाशकांकडेही बोट दाखवतं, पण उष्णतेचा पुरावा जास्त भक्कम. काही फडांवर पाणी, विश्रांती आणि सावली यांच्या ठरावीक वेळा लावल्यावर किडनीला होणारी इजा कमी झालेली दिसली. टेक्सासच्या रांगेत यातलाही कुणी असेल. आमच्याकडच्या टोळ्याही टनावरच तोडतात. त्यांचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे सांगणारी रक्तचाचणी) कारखान्याच्या गेटवर कुणी तपासतं का, हा माझा प्रश्न मुकादमांना आणि संचालकांना.

ईबी२_रांगेत
पाटील, मुद्दा पटला. पण मग बिल साखर कारखान्याने भरावं, टेक्सासच्या करदात्याने का?

बायूकाठचा
निशिगंधा, तपासणीवर वेगळा धागा काढा, मी येतो. ईबी२, करदाता आत्ताही भरतोच आहे, ह्यूस्टनमध्ये घरपट्टीतून. सरकारी इस्पितळांचा कर त्यातच असतो. इमर्जन्सीचं बिल तिथूनच भागतं, आणि ते जास्त आहे.

ईबी२_रांगेत
मग सरळ कायदा बदला. फुप्फुसात पाणी भरेपर्यंत थांबवणं चूक, हे मान्य. पण 'इमर्जन्सी'ची व्याख्या ताणून मागच्या दाराने सोय करणंही मला चालणार नाही. कोलोरॅडोने नेमकं तेच केलं.

निशिगंधा_शिकागो
कायदा बदलेपर्यंत सोमवारी धाप लागलेल्याने काय करायचं?