राजापूर लोकसभा : १९५२ ते २०२४ चा तक्ता कसा लावायचा?

कातळसडा
नमस्कार मंडळी. दक्षिण कोकणातल्या लोकसभा निकालांचा १९५२ पासूनचा तक्ता करतोय आणि तीन ठिकाणी अडलोय. १९५२ च्या यादीत राजापूर नाहीच. १९७७ ला मधू दंडवते जनता पक्षातर्फे निवडून आले, पण निवडणूक आयोगाच्या अहवालात त्यांच्यापुढे भारतीय लोकदल लिहिलंय. आणि २००४ नंतर राजापूर गायब होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणजेच जुनं राजापूर धरून आकडे पुढे जोडले तर चालेल का?

खाडीपलीकडे
१९५२ ला मुंबई राज्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. तुमची पहिली ओळ दक्षिणची : मोरेश्वर जोशी, काँग्रेस. राजापूर हे नाव १९५७ पासून.

१९५७, १९६२, १९६७ : बॅ. नाथ पै, प्रजा समाजवादी पक्ष, चिन्ह झोपडी. १९५७ च्या शेऱ्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ लिहा. पण पुढच्या दोन निवडणुकांना तेवढं कारण पुरत नाही. राज्य मिळून गेलं होतं, काँग्रेस भरात होती, शेजारच्या रत्नागिरीत दोन्ही वेळा काँग्रेसच्या शारदा मुखर्जी आल्या, तरी राजापूरने झोपडी सोडली नाही. या मतदारसंघाचा पिंड मला तिथे दिसतो.

नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले. पोटनिवडणूक शोधत बसू नका. लोकसभा डिसेंबर १९७० मध्येच विसर्जित झाली होती. मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत, इंदिरा लाटेत, प्रजा समाजवादीचे देशभरातून दोनच खासदार आले, त्यांतले एक दंडवते.

१९७७ ची नोंद चुकलेली नाही. जनता पक्षाला स्वतःचं चिन्ह मिळालेलं नव्हतं, म्हणून उमेदवार लोकदलाच्या ‘चक्रात नांगरधारी शेतकरी’ या चिन्हावर लढले आणि अहवालात तोच पक्ष लागला. तक्त्यात ‘जनता (लोकदल चिन्ह)’ लिहा. १९८० आणि १९८४ ला जनता पक्ष, १९८९ ला जनता दल. १९८४ अधोरेखित करा : इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतही दंडवते टिकले. १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत आले आणि चौतीस वर्षांची समाजवादी सलगता तुटली. १९९६, १९९८, १९९९, २००४ : सुरेश प्रभू, शिवसेना.

वाडीवरचा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : जोडू नका, मध्ये ठळक रेघ मारा. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची फेररचना २००८ मध्ये लागू झाली. नव्या मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी सहा विधानसभा क्षेत्रं आहेत. दापोली आणि गुहागर रायगड लोकसभेत गेले. रत्नागिरीचे खासदार अनंत गीते २००९ ला रायगडमधून लढले ते यामुळेच. मालवण आणि वेंगुर्ला ही विधानसभेची नावंही गेली. आज मालवण तालुका कुडाळमध्ये, वेंगुर्ला सावंतवाडीत, देवगड आणि वैभववाडी कणकवलीत.

लोक आणखी एक घोळ करतात : विधानसभेचं राजापूर आजही आहे, त्याचे आकडे लोकसभेच्या राजापूरमध्ये घुसतात.

रेघेखाली : २००९ नीलेश राणे (काँग्रेस), २०१४ आणि २०१९ विनायक राऊत (शिवसेना), २०२४ नारायण राणे (भाजप). २०२४ ला राणे ४,४८,५१४, राऊत ४,००,६५६, म्हणजे ४७,८५८ चं मताधिक्य. राऊत २०१९ ला धनुष्यबाणावर होते, २०२४ ला मशालीवर. दोन्ही आकडे ‘शिवसेना’ या एकाच रकान्यात टाकलेत तर तक्ता खोटा बोलेल.

कातळसडा
मनापासून आभार. २०२४ ची क्षेत्रनिहाय बेरीज करतोय, पण सहा क्षेत्रांची मतं मिळवली तरी एकूण आकडा येत नाही. कुठे चुकतंय?

खाडीपलीकडे
टपाली मतं राहिली असणार. ती विधानसभा क्षेत्रात वाटलेली नसतात, नमुना २० च्या (केंद्रनिहाय मतांचं अंतिम निकालपत्रक) शेवटी वेगळ्या ओळीत येतात. मतदान केंद्रनिहाय बेरीज + टपाली = एकूण, असं ताडून बघा. ही बेरीज केलीत की निकालाचा खरा नकाशा समोर येतो : सिंधुदुर्गातल्या तिन्ही क्षेत्रांत राणे पुढे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्हींत राऊत.

वाडीवरचा
मतदारसंख्येच्या रकान्यालाही टीप हवी. १९८९ ला मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, त्यामुळे तिथे एकदम उडी दिसते. मतांचे नुसते आकडे तुलनेला घेऊ नका, टक्केवारी घ्या. जमलं तर स्त्री-पुरुष मतदार वेगळे ठेवा. चाकरमानी मुंबईला असल्याने इथल्या यादीत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि एकत्र आकड्यात ते दिसत नाही.