आधी कापूस हलवा, मग चादरी
चांगल्या झोपेसाठी चादर-खोळा दर आठवड्याला धुवा, खोलीतला पसारा आवरा, असं सांगतात ते पटतं. पण आपल्या मराठवाड्यात त्याआधीचं काम म्हणजे कापूस. भाव वाढेल या आशेनं जालना-परभणीकडं कितीतरी घरांत कापूस झोपायच्या खोलीतच रचलेला असतो. त्यातली धूळ आणि बारीक कीड अंगाला लागली की रात्रभर खाज, शिंका. लेकरं तर रडत उठतात. घरात एकच खोली मोकळी ठेवता येत असेल तर ती झोपायचीच असू द्या, ही कळकळीची विनंती. माळवदाच्या घरात वरून माती झडते, तिथं खाटेच्या वर जुनं लुगडं ताणून बांधा.

गादीतल्या डस्ट माइटला, म्हणजे धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांना, दमट हवा मानवते. म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळाली की गादी उन्हात टाकाच. खोळा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतल्या तर हे माइट मरतात.

आणि कूलर! खिडक्या लावून चालवला तर खोली चिकचिकीत होते, समोरची एक खिडकी उघडी पाहिजे. गवताच्या जुन्या जाळ्यांत धूळ साचते, त्या उन्हाळ्याआधी बदला. झोपायच्या तोंडावर कोरडा झाडू मारू नका, उडालेली धूळ नाकातच जाते. ओल्या फडक्यानं पुसा, तेही दुपारीच.