सीपॅप लावल्यावर वडिलांचं क्रिएटिनिन खाली येईल का?

कोयनाकाठ (कराड)
राम राम मंडळी. वडील 60 वर्षांचे, बीपी-शुगर जुनी. क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 2.1, ईजीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) 35, लघवीचा एसीआर (लघवीतून जाणारं प्रथिन) 420. बीपीच्या तीन गोळ्या चालू असूनही सकाळी 160/95. स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा उथळ होतो तो आकडा) 38 आला. ऑटो सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) घेतलंय, पण तोंड कोरडं पडतं म्हणून रात्री दोनच्या सुमारास मास्क काढून ठेवतात. संध्याकाळी पाय सुजतात. किडनीला याचा खरंच उपयोग आहे का?

मिरजवाला
क्रिएटिनिन उतरेल या आशेवर राहू नका. मशीन लावायचं ते झोप आणि बीपीसाठी. श्वास अडकला की ऑक्सिजन घसरतो, अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, बीपी चढवणारं रेनिन-अँजिओटेन्सिन वाढतं. वडिलांना हे तासाला 38 वेळा होतंय. झोपेत उतरायला हवं ते बीपी चढंच राहतं आणि किडनीच्या गाळण्या रात्रभर दाबाखाली असतात.

सीपॅपने बीपी सरासरी 2-3 नेच उतरतं, गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत थोडं जास्त. त्यामुळे गोळ्या सुटणार नाहीत. 2016 च्या सीपॅपवरच्या ‘सेव्ह’ चाचणीत 2,717 रुग्ण होते. त्यांतल्या ज्यांची किडनी तपासत राहिले, त्यांचा ईजीएफआर घसरण्याचा वेग मशीनने कमी झाला नाही. पण त्या चाचणीत मशीनचा वापर सरासरी 3.3 तासच होता! वडिलांचंही तेच चाललंय. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि श्वास सहसा तेव्हाच जास्त अडकतो. दोनला मास्क निघाला की नेमका तोच वेळ उघडा पडतो.

तासगावकर
तोंड कोरडं म्हणजे बहुतेक तोंडातून हवा जातेय. नाकाचा मास्क असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क बघा. नाक चोंदत असेल तर आधी त्याचा इलाज.

मास्क बसवताना आडवं झोपवा, मशीन चालू करा, पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा म्हणजे सिलिकॉनची कड हवेने फुगून बसते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढा. करकचून आवळला की कड मुडपते आणि गळती वाढते. रेसमेड कंपनीच्या मशीनवर गळती मिनिटाला 24 लिटरच्या आत हवी. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं) डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरच्या पाण्याने भांड्यात क्षार धरतात. लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवायचं असेल तर ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तेच खातात.

वाईकर
पायांची सूज सोडून देऊ नका, अर्धं दुखणं तिथंच आहे. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं आणि घशाची वाट अरुंद होते. 2001 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात 14 डायलिसिस रुग्णांना रोज रात्रीच्या डायलिसिसवर नेलं, तेव्हा त्यांचा एएचआय सरासरी 25 वरून 8 वर आला.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, भडंग यांतलं मीठ त्यातच धरायचं. ‘कमी सोडियम’वालं मीठ मात्र आणूच नका! त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि या ईजीएफआरला पोटॅशियम चढलं तर हृदयाची लय बिघडते. सूज उतरवायची गोळी रात्री घेत असतील तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, नाहीतर लघवीला उठले की मास्क निघतोच. झोपेची गोळी आणि अंगदुखीची डायक्लोफिनॅक मनाने देऊ नका.

कोयनाकाठ
खूप आभार. गोळी रात्रीच घेतात, उद्याच विचारतो. फरक पडतोय हे कळणार कशावरून?

मिरजवाला
मशीनच्या रिपोर्टवर रोजचे तास (चारच्या वर, जमेल तितके जास्त), उरलेला एएचआय (5 च्या आत) आणि गळती बघा. उरलेल्यात ‘सेंट्रल’चा (घसा बंद न होता मेंदूचा इशाराच न आल्याने थांबलेला श्वास) आकडा मोठा असेल तर नुसता दाब वाढवून भागत नाही, झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. बीपी सकाळी गोळीआधी आणि रात्री झोपताना लिहून ठेवा. एसीआर, क्रिएटिनिन, पोटॅशियम तीन महिन्यांनी. मधेच उठताना चक्कर आली तर उभ्याने बीपी मोजून त्याच दिवशी कळवा, गोळ्यांचा डोस कमी करावा लागू शकतो.