म्हार्दोळजवळचं राजांगणाचं जुनं घर: जिओथर्मल आणि डक्टिंगबद्दल सल्ला हवा

कौलारू_फोंडा
गोव्यात म्हार्दोळजवळ चिऱ्यांचं जुनं घर आहे. मध्ये राजांगण (उघडा चौक), वर मंगळुरी कौलं. एकूण ४,२०० चौरस फूट. पडवी, राजांगण, स्वयंपाकघर आणि कोठार सोडलं तर गार करायचं क्षेत्र साधारण २,२०० चौरस फूट. त्यात चार झोपायच्या खोल्या, साल (दिवाणखाना) आणि जेवणाची खोली. छत कुठंच नाही, थेट वासे आणि कौलं. कॅनडातल्या थोरल्या बंधूंचा आग्रह जिओथर्मलचा, म्हणजे जमिनीत पाइप सोडून तिच्याशी उष्णतेची देवघेव करणाऱ्या यंत्रणेचा आहे. इथला कंत्राटदार म्हणतो, १२ टनाचं एकच मशीन बसवू, गार हवा नेणारे पत्र्याचे डक्ट वाशांखालून नेऊ आणि त्यांवर उष्णता अडवायला १३ मिमी नायट्राइल रबर लावू. जिओथर्मल इथं परवडेल का? डक्ट कशाचा, किती मापाचा, कुठून न्यायचा?

विहिरीचं_पाणी
आधी जिओथर्मल. कॅनडाच्या दक्षिण भागात खोलवरची जमीन ८-१० अंशांच्या आसपास असते. हिवाळ्यात तिच्यातून उष्णता काढतात, उन्हाळ्यात तिच्यात टाकतात, आणि वर्षाचा हिशेब जवळपास जुळतो. गोव्यात जमीन बारा महिने २७-२८ अंशांवर, आणि आपण तिच्यात फक्त उष्णता ओतणार. काढून घ्यायला हिवाळाच नाही. त्यामुळे बंद पाइपांतून परतणारं पाणी सहज ३३-३५ अंशांचं होतं. मे महिन्यात आउटडोअर युनिटलाही साधारण एवढीच गरम हवा मिळते. मग बोअर मारून मिळवलं काय?

विहिरीचं पाणी थेट फिरवायचं म्हटलं तर टनामागे मिनिटाला ११ लिटर लागतात. ९ टनांना मिनिटाला १०० लिटर, दहा तासांत ६०,००० लिटर. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना हे जमणार नाही. शिवाय नव्या विहिरीला किंवा बोअरला २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली परवानगी लागते, आणि पाण्यात लोह असलं तर हीट एक्स्चेंजर हळूहळू चोंदतो. साधा इन्व्हर्टर डक्टेबल (डक्टला जोडायचा) एसी घ्या.

आणखी एक. बंधूंकडून तिथल्या डक्टचे नकाशे आले असतील तर ते बाजूला ठेवा. हीट पंपाची (म्हणजे जिओथर्मलसारख्या यंत्राची) गरम हवा भट्टीच्या हवेपेक्षा कोमट, ३५-४० अंशांची असते. म्हणून तिथं जास्त हवा फिरवायला डक्ट मोठे घेतात. आपलं गणित उलट आहे: हवा थोडी कमी, पण जास्त गार, म्हणजे ओल नीट निघते.

माडाखाली
मग जमिनीत चार-पाच फुटांवर ह्यूम पाइप (सिमेंटचे) पुरून त्यातून हवा ओढली तर? मशीनशिवाय गारवा मिळतो असं ऐकलंय.

विहिरीचं_पाणी
कोरड्या प्रदेशात चालतं. इथं पाइपातून २८-२९ अंशांची हवा निघेल. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं पाणी होतं) त्याच्याही खाली असल्यामुळे ओल जशीच्या तशी घरात. आणि जुलैत पाणी वर आलं की त्याच पाइपात डबकं, मग बुरशी आणि डास. जोत्याच्या भरावातून डक्ट नेण्याची कल्पनाही याच कारणाने सोडा.

डक्टमिस्त्री
आता कंत्राटदाराच्या योजनेकडे. वाशांखालून डक्ट, तेही उघड्या कौलांच्या घरात, हीच मुख्य चूक. १३ मिमी की १९ मिमी हा नंतरचा वाद.

पावसाळ्यात कौलांखालची हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरा. दवबिंदू येतो २६ च्या जरा वर. डक्टमध्ये हवा १३ अंशांची. १९ मिमी नायट्राइलवर चकचकीत फॉइल असेल तर बाहेरचा पृष्ठभाग २४-२५ अंशांवर राहतो, म्हणजे घाम फुटणारच. ३२ मिमी लावलं तरी पृष्ठभाग साडेपंचवीसच्या आसपास, म्हणजे तेव्हाही ओलाच. जाडी वाढवून हा प्रश्न सुटत नाही. डक्टच्या भोवतीची हवा कोरडी करावी लागते. त्यासाठी डक्ट बंद, गार केलेल्या भागात हवा.

या घरात जागा आहे: खोल्यांमधला बोळ. त्याचं छत ८ फुटांवर घ्या, वर डक्ट ठेवा, आणि बोळाच्या भिंतीतून दोन्ही बाजूंच्या खोल्यांत आडवे ग्रिल काढा. चिऱ्याची भिंत दीड फुटाची असते, भोक पाडताना वर लिंटेल टाका. खोल्यांना छत मात्र लागेलच, नाहीतर कौलांच्या फटींतून गारवा निघून जाईल. ओल सोसणारं जिप्सम किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घ्या, स्वस्त प्लायवूड नको, वाळवी सोडणार नाही. बोर्डावर ५० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचे तक्ते), सांधे टेप लावून बंद. आपल्याकडे बाष्परोधक थर बाहेरच्या, उबेच्या बाजूला असावा लागतो. थंड देशांत तो आतल्या बाजूला लावतात, तिथलं चित्र बघून इथं लावू नका. बोळाच्या छतावरही हाच थर, म्हणजे डक्ट थराच्या आत येतो. मग १९ मिमी पुरतं.

कौलारू_फोंडा
बोळ चार फुटांचा आहे, चालेल. टन आणि मापं सांगाल का?

डक्टमिस्त्री
उष्णताभार मोजून घ्या, चौरस फुटांवरून टन ठरवू नका. जाड चिरे, रुंद पडवी आणि एक्सपीएस असेल तर ९ टन पुरतील असा अंदाज आहे. १२ टनाचं मशीन खोली चटकन गार करून थांबतं, ओल आत राहते, आणि पावसाळ्यात कपाटं बुरसटतात. ३ टनांची तीन युनिटं घ्या: दोन झोपायच्या भागाला, एक साल आणि जेवणाच्या खोलीला. एक बिघडलं तरी घर चालतं.

टनामागे ४०० सीएफएमचा (मिनिटाला घनफूट हवा) नियम आहे, इथं ३५० धरा. म्हणजे युनिटामागे १,०५० सीएफएम. मुख्य डक्ट १८ × १२ इंच, त्यात वेग मिनिटाला ७०० फूट. एका खोलीला ३५० सीएफएम जात असेल तर शाखा १२ × ८ इंच, वेग ५२५. झोपायच्या खोलीत यापेक्षा जास्त वेग गेला तर रात्री सूं-सूं ऐकू येते. परतीचं ग्रिल (खोल्यांतली हवा मशीनकडे परत नेणारं) ३० × २४ इंच. सगळे इथंच कंजुषी करतात आणि मग मशीन आवाज करतं म्हणून कंपनीला फोन लावतात.

युनिट घेताना स्टॅटिक प्रेशर (डक्टमधून हवा ढकलायचा दाब) बघा. ८ ते १० मिमी पाण्याचा दाब देणारं मॉडेल हवं. २-३ मिमीचं मॉडेल एका ग्रिलपुरतं असतं, लांब डक्टला लावलं की शेवटच्या खोलीत नुसती झुळूक.

गॅल्व्हनाइज्ड
डक्टचा पत्रा आयएस २७७ (भारतीय मानक) चा, बांधणी आयएस ६५५ ची. ७५० मिमी रुंदीपर्यंत २४ गेज म्हणजे ०.६३ मिमी. जस्ताचा थर चौरस मीटरला १२० ग्रॅमचा देतात, समुद्राजवळ २७५ मागा. म्हार्दोळला १८० बास. पत्र्याऐवजी पीआयआर (कडक फोमची) पॅनेलही वाईट नाहीत. २० मिमी पॅनेलची रोधकता साधारण ३२ मिमी नायट्राइलएवढी, वजनही कमी. पण त्यांचे फ्लॅंज (जोडाच्या पट्ट्या) अॅल्युमिनियमचे असतात, नेमके तिथंच थेंब धरतात. फ्लॅंजवर वेगळी पट्टी चिकटवायला सांगा.

सांध्यांत गॅस्केट आणि डक्टचा मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप). कापडी टेप नको, दोन पावसाळ्यांत सुटते. छत लावण्याआधी दिवा आत ठेवून अंधारात फटी बघा. टांगणी वाशांना नको. तुळईला किंवा स्वतंत्र अँगलला, ८ मिमी दांडे, दोन-सव्वादोन मीटरवर. आधाराखाली नायट्राइल चेपलं जातं आणि तिथूनच पाणी गळतं, म्हणून लाकडी ठोकळा ठेवा. लवचीक नळी ग्रिलपाशी दीड मीटरपेक्षा जास्त नको, आणि ताणून लावा.

नायट्राइलचं काम दिवाळी ते एप्रिल यातच उरका. ओल्या पत्र्यावर गोंद धरत नाही.

चौकट_दार
परतीच्या हवेचं कुणी बोललं नाही. ग्रिल बोळात, दारं बंद, मग ३५० सीएफएम जाणार कुठून? दाराखालच्या एक इंच फटीतून जमत नाही, खोलीत दाब चढतो आणि दार आपोआप आपटतं. साधारण सव्वा चौरस फूट मोकळी जागा हवी. जुन्या घरांत दारावर लाकडी जाळी असते. असेल तर ती बुजवू नका, तीच वाट. आवाज पलीकडे जातो हा तोटा, तो सोसावा लागेल.

डक्टमिस्त्री
बरोबर. आणि ड्रेन. पावसाळ्यात ३ टनाचं युनिट तासाला तीन-चार लिटर पाणी काढतं. पाइप ३२ मिमी, उतार मीटरला एक सेंटिमीटर, वरून ९ मिमी इन्सुलेशन, आणि ट्रॅप (पाणी साठून हवा अडवणारं वळण) हवाच. पंखा ड्रेन पॅनमधून हवा ओढतो. ट्रॅप नसेल तर पाणी अडून राहतं आणि थेट नव्या छतावर उतरतं. पाइपचं तोंड राजांगणात नको, शेवाळ येतं. परसात केळीखाली सोडा. प्रत्येक युनिट आणि डॅम्परखाली (डक्टमधली हवा कमी-जास्त करायची झडप) छतात २४ × २४ इंचाचं झाकण ठेवा.

कौलारू_फोंडा
जाळ्या आहेत, सहाही दारांवर. आउटडोअर युनिटं परसात ठेवायची म्हणतोय.

माडाखाली
माडाखाली सोडून कुठंही. आणि छत बंद करण्याआधी कौलांच्या कडेला जाळी मारून घ्या. कांडेचोर (उदमांजर) एकदा बोर्डावर उतरला की इन्सुलेशन फाडून तिथंच बिऱ्हाड करतो.