मदत हवी आहे: कॉलेजात नव्याने शिकवतेय, वर्ग बोलता कसा करू?

नमस्कार मंडळी,

यंदापासून नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले आहे. पुण्यातून एम.ए. केलं, सेट झाली आहे, नेमणूक तासिका तत्त्वावर. एफवायचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा पेपर पूर्ण माझ्याकडे आहे आणि टीवायचे थोडे तास. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं, कॉलेजात नेट-सेट झाली की थेट वर्गावर. विषयाची तयारी भरपूर आहे, पण भरलेल्या वर्गासमोर तासभर नेमकं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. म्हणून इथल्या अनुभवी प्राध्यापकांना विचारतेय.

मुख्य अडचण अशी की वर्ग बोलत नाही. पटावर नव्वदच्या आसपास मुलं, येतात त्यातली निम्मी. हजेरीला "यस मॅडम" म्हणतात, त्यानंतर तास संपेपर्यंत अक्षर नाही. दंगा करत नाहीत, नीट ऐकतात. पण "समजलं का?" विचारलं की एका सुरात "हो", आणि काय समजलं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली.

गेल्या आठवड्यात संधी खर्च (एक गोष्ट निवडताना दुसरी सोडावी लागते, तिची किंमत) शिकवत होते. पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आज तुम्ही कॉलेजला आलात, आला नसतात तर काय केलं असतं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "कांदे लावायला गेलो असतो मॅडम. आमच्याकडं सध्या लागण चालू आहे. आज माझ्या जागी मजूर लावलाय." इतकं अचूक उत्तर मला एम.ए.च्या वर्गातही ऐकायला मिळालं नव्हतं. घरच्या माणसाने शेतावर न जाण्याची किंमत म्हणजे त्या मजुराची रोजंदारी, संकल्पना पूर्ण झाली. पण "कांदे" म्हणताच पुढचे दोन-तीन जण हसले, त्यांचं बघून आणखी काही. तो मुलगा खाली बसला. मी लगेच म्हटलं की हेच बरोबर उत्तर आहे, फळ्यावर लिहिलंसुद्धा. तरी त्यानंतर तो एकदाही बोललेला नाही आणि बाकीचेही जास्तच गप्प झालेत. हसणाऱ्यांच्या घरीही बहुतेक शेतीच आहे, म्हणून तर मला ते जास्त लागलं.

दुसरं म्हणजे नोट्स. रोज कुणीतरी विचारतंच, "मॅडम, नोट्स कधी देणार?" आधी सगळं उतरवून दिलं जायचं म्हणे. मला तास डिक्टेशनमध्ये घालवायचा नाही, पण मुलांना परीक्षेत उघड्यावरही टाकायचं नाही.

तिसरं, शेवटच्या तासाला एसटीची वेळ झाली की अर्धा वर्ग उठतो. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही, ती गाडी गेली की पुढची दिवेलागणीला. अशा वेळी तासाची आखणी कशी करता?

—

प्रतिसाद १

मॅडम, मी विदर्भात बरीच वर्षं वाणिज्य शिकवतो. पहिल्या सत्रात वर्ग गप्प असणं अगदी नेहमीचं आहे, त्याचा तुमच्या शिकवण्याशी संबंध लावू नका. बारावीपर्यंत त्यांना कुणी मत विचारलेलंच नसतं.

एक करून बघा. प्रश्न विचारला की लगेच उत्तर मागू नका. दोन मिनिटं वहीत लिहायला सांगा, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायला, आणि त्यानंतरच वर्गाला विचारा. ही पद्धत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली, जगभर वापरतात. फायदा असा की मूल एकटं उघडं पडत नाही, "आम्ही दोघांनी असं लिहिलंय" म्हणून बोलतं. कधीकधी बिननावाच्या चिठ्ठ्या गोळा करा आणि तुम्हीच वाचा. सहा-सात चिठ्ठ्यांत शेत, गोठा, दुकान निघालं की हसणारे आपोआप थांबतात.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेत वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून पाहिलं, तर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि बोलणारी मुलंही वाढली. आपल्याला ती शांतता फार जड जाते, पण थांबावं.

—

प्रतिसाद २

ताई, नोट्सच्या बाबतीत मी थोडं वेगळं सांगेन. नोट्स मागणाऱ्या मुलांना आळशी समजू नका. लागण-काढणीच्या दिवसांत जो येऊच शकत नाही, त्याच्याकडे दुसऱ्याची वही हाच एक आधार असतो. मी प्रत्येक घटकाचं एक पान देते: व्याख्या, आकृती, विद्यापीठाच्या जुन्या पेपरांतले दोन प्रश्न. झेरॉक्सवाल्याकडे ठेवते आणि ग्रुपवरही टाकते. उदाहरणाची जागा मात्र कोरी सोडते. ती वर्गात भरायची.

शेवटच्या तासाला नवीन संकल्पना पहिल्या अर्ध्या तासातच संपवा. हजेरीही सुरुवातीलाच घ्या. उरलेल्या वेळात गणितं, आकृत्यांचा सराव, शंका.

—

प्रतिसाद ३

नाशिक भागात आहात तर कांदा सोडूच नका! मागणी वक्रावरचं चलन (भाव बदलल्याने मागणी बदलणं) आणि वक्राचं स्थलांतर (भाव तोच, तरी मागणी बदलणं) यांत मुलं कायम गोंधळतात. लासलगावचे भाव घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे आवक थांबवता येत नव्हती. परदेशी गिऱ्हाईक गेलं, म्हणजे त्याच भावाला मागणी कमी झाली. अख्खा वक्र डावीकडे सरकला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तिथून उलटा विचार मुलांनाच करायला लावा. यावर त्या मागच्या बाकाकडे तुमच्यापेक्षा जास्त माहिती असेल, आणि ती वर्गाला हवी असेल.

—

धागाकर्ती

मनापासून आभार. एका पानाच्या नोट्स या आठवड्यातच सुरू करते, चिठ्ठ्यांचा प्रयोगही. कांद्याचे महिनावार भाव बाजार समितीकडून मिळवते.

एक विचारायचं राहिलं. त्या मुलाशी वेगळं बोलू का? की त्याला आणखी अवघडल्यासारखं होईल?

—

प्रतिसाद २

बोलावून घेऊ नका, स्टाफरूममध्ये तर नकोच. भावांचा तक्ता करताना त्याला व्हरांड्यात गाठून एवढंच विचारा, "तुमच्याकडे लागणीला एकरी किती मजूर लागतात?" तुम्हाला तो आकडा खरंच लागणार आहे.